वाचकांचे प्रश्न : व्हेनामी कोळंबीची अंडी, पिल्ले आणि बी

या वेळचे सगळे प्रश्न एकाच जिवाविषयी आहेत: व्हेनामी, म्हणजे पॅसिफिक पांढरी कोळंबी. मेक्सिकोच्या सोनोरापासून उत्तर पेरूपर्यंतचा पॅसिफिक किनारा हे तिचे मूळ घर. भारतात 2009 पासून तिच्या शेतीला रीतसर परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच आपल्या टायगर कोळंबीची तळी तिने व्यापली. गोव्यात तिची तळी थोडी आहेत, पण प्रश्न पुष्कळ आले. त्यांतले निवडक येथे घेतले आहेत.

प्रश्न : चोडणला आमचे छोटे तळे आहे. काढणीच्या वेळी मोठ्या पाच-पन्नास व्हेनामी बाजूला ठेवल्या तर त्यांच्यापासून घरचे बी, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्ले, निघेल का? खाजनात सुंगटे आपोआप होतात, मग ही का होऊ नयेत? — एक वाचक, चोडण

आधी खाजनाचे, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीचे. खाजनातली सुंगटे, म्हणजे तिथली कोळंबी, खाजनात जन्मत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक खाऱ्या कोळंब्या समुद्रात अंडी घालतात. पिल्ले दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत रूपे बदलतात, मग भरतीबरोबर मांडवी-जुवारीच्या मुखातून आत येतात आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदरवाजाच्या, फळ्यांमधून खाजनात शिरतात. तिथे ती फक्त वाढतात. मोठी झाली की ओहोटीबरोबर समुद्राकडे परत निघतात आणि मानशीच्या जाळ्यात सापडतात ती तेव्हाच. व्हेनामीचे आयुष्यही असेच दोन घरांचे आहे. खाडी ही तिची वाढायची जागा, प्रजननाची नव्हे.

मूळ समुद्रात तिचे प्रजनन सुमारे 70 मीटरपर्यंतच्या खोलीत होते. पाण्याचे तापमान 26 ते 28 अंश आणि क्षारता 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) आसपास असते. नर साधारण 20 ग्रॅमचा आणि मादी 28 ग्रॅमची झाल्यावर, म्हणजे सहा-सात महिन्यांची असताना, प्रजननक्षम होते. तळ्यातली कोळंबी सहसा त्याआधीच काढली जाते. वर्षभर ठेवली तरी तळ्यात तिची अंडाशये पिकत नाहीत. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

समजा, पिकवली. तरीही हे करू नका, आणि त्याची कारणे पक्की आहेत. हॅचरीत येणारी आईबापांची कोळंबी, म्हणजे ब्रूडस्टॉक, एसपीएफ असते: ठराविक रोगांपासून मुक्त असल्याचे तपासलेली आणि बंदिस्त जागेत पिढ्यान् पिढ्या वाढवलेली. एसपीएफ म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. ज्या दिवशी ती तुमच्या तळ्यात पडली त्या दिवशी तिची ती ओळख संपली. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू किंवा ईएचपी हा सूक्ष्म परजीवी तिच्या अंगात लक्षणांशिवाय असू शकतो, आणि अंडी घालताना पडणाऱ्या विष्ठेतून तो पिल्लांपर्यंत पोहोचतो. दुसरे असे की तळ्यातली सगळी कोळंबी थोड्याच कुटुंबांतून आलेली असते. भावाबहिणींचा संकर झाला की पुढची पिढी लहान-मोठी आणि नाजूक निघते. म्हणूनच कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीच्या नियमांत तळ्यातल्या स्थानिक कोळंबीला ब्रूडस्टॉक म्हणून वापरण्यास मनाई केली गेली. परदेशातून येणारे ब्रूडस्टॉक चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात तपासल्यावरच नोंदणीकृत हॅचरीला मिळते. घरचे बी वाचवलेल्या पैशापेक्षा महाग पडते.

प्रश्न : कोळंबीचा एक डोळा कापतात असे वाचले. डोळ्याचा आणि अंड्यांचा संबंध काय? हे टाळता येत नाही का? आणि मीलन कसे होते? — प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, मडगाव

कापतात तो नुसता डोळा नव्हे, डोळ्याचा दांडा. त्या दांड्यात एक्स-ऑर्गन आणि सायनस ग्रंथी असते, आणि तिथून अंडाशयाची वाढ रोखून धरणारे संप्रेरक स्रवते. मोकळ्या समुद्रात योग्य खोली, तापमान, अन्न मिळाले की हा रोध आपोआप सैल पडतो. बंदिस्त टाकीत तो सहसा सैल पडत नाही, तळ्यात तर नाहीच. एका बाजूचा दांडा काढला की संप्रेरक कमी होते आणि साधारण आठवडाभरात अंडाशय पिकू लागते. पाठीच्या कवचातून ते डोक्यापासून शेपटीपर्यंत जाड पट्ट्यासारखे दिसते. व्हेनामीत त्याचा रंग केशरी-तपकिरीकडे झुकतो, टायगरमध्ये गडद हिरवा.

क्रिया काही क्षणांची असते, पण वेळ चुकली तर मादी मरते. नुकतीच कात टाकलेली किंवा कात टाकायच्या बेतात असलेली मादी कधीच घेऊ नये. कवच टणक असलेली, दोन कातींमधल्या काळातली मादीच घ्यावी. त्याच संप्रेरकांच्या गटात कात टाकण्यावर लगाम ठेवणारे संप्रेरकही असते. त्यामुळे दांडा काढल्यावर माद्या लवकर-लवकर कात टाकतात, झिजतात, आणि काही महिन्यांत अंड्यांची संख्या व पिल्लांचा दर्जा घसरतो. हॅचरीवाले माद्या ठराविक काळाने बदलतात ते यासाठीच.

टाळता येते. लॅटिन अमेरिकेत दांडा न कापता चालणाऱ्या हॅचऱ्या आहेत. त्यांना जास्त माद्या ठेवाव्या लागतात आणि आहारावर खर्च करावा लागतो: स्क्विड, शिंपल्यांचे मांस, समुद्री कृमी, जोडीला तयार खाद्य. समुद्री कृमींतली चरबी अंडी पिकवायला उत्तम, पण किनाऱ्यावरून उकरून आणलेले जिवंत कृमी रोगही घेऊन येतात. ते गोठवलेले आणि तपासलेलेच हवेत. कोळंबीला होणाऱ्या इजेचा विचार केला तरी आणि पिल्लांच्या दर्जाचा विचार केला तरी, आमच्या मते पुढची वाट हीच आहे.

मीलनाविषयीही तुम्ही विचारले आहे. इथे व्हेनामी आपल्या टायगरहून अगदी वेगळी आहे. टायगर मादीच्या पोटाकडे, मागच्या पायांच्या मध्ये, झाकणांची पिशवी असते. तिला बंद थेलिकम म्हणतात. मादी कात टाकून मऊ असतानाच नर तिच्यात शुक्राची पुडी ठेवतो आणि पुढच्या कातीपर्यंत ती टिकते. व्हेनामीचे थेलिकम उघडे असते. कवच टणक आणि अंडाशय पूर्ण पिकलेले असतानाच, संध्याकाळनंतर, नर पांढरी चिकट पुडी बाहेरच्या बाजूने चिकटवतो आणि मादी त्याच रात्री काही तासांत अंडी सोडते. ही पुडी सहज निसटते. जाळीने मादी उचलताना झटका बसला, टाकीत फार कमी पाणी असले, किंवा गलबला झाला, की पुडी गेली आणि अंडी फलित न होताच पडली. अंडी भरपूर मिळाली पण फुटली नाहीत अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा.

एक मादी तिच्या वजनाप्रमाणे साधारण 1 ते 2.5 लाख अंडी देते. अंडे 0.22 मिलिमीटरचे असते. ते फुटायला सुमारे 16 तास लागतात.

प्रश्न : परवानगी घेऊन नोंदणीकृत हॅचरीतून नॉप्ली आणली आणि प्रयोगशाळेत 300 लिटरच्या टाकीत सोडली. पहिले दोन दिवस छान होती. झोइया-2 ला बहुतेक मेली. पाण्याची क्षारता 32, हवा चालू होती. कुठे चुकले असेल? — एका महाविद्यालयातील शिक्षक, पणजी परिसर

अंड्यातून निघते ती नॉप्लियस (अनेकवचन नॉप्ली), मग झोइया, मग मायसिस आणि शेवटी पीएल म्हणजे पोस्टलार्व्हा, अशी पिल्लाची रूपे. पहिले दोन दिवस छान दिसतात, कारण नॉप्लियस खातच नाही. ती अंगातल्या बलकावर जगते. त्या काळात पाणी बरे-वाईट असले तरी चटकन कळत नाही. खरी परीक्षा पहिल्या झोइयाला सुरू होते. तेव्हा तोंड उघडते, आतडे कामाला लागते, आणि पहिला घास वेळेवर मिळाला नाही तर पिल्लू झोइया-2 पर्यंत रखडत जाऊन मरते. तुमचा नाश दुसऱ्या झोइयाला दिसला, पण त्याचे कारण बहुधा एक-दोन दिवस आधीचे आहे.

म्हणून दिवस मोजू नका, रूप ओळखा. 28 ते 30 अंशांना पाच नॉप्लियस अवस्था मिळून सुमारे दीड ते दोन दिवस, तीन झोइया मिळून चार-पाच दिवस, तीन मायसिस मिळून तीन-चार दिवस, असा हिशेब असतो. पण पाणी दोन-तीन अंशांनी थंड झाले की तो कोलमडतो. डिसेंबर-जानेवारीत गोव्यातली रात्र विशीच्या जवळ उतरते. उघड्या खोलीतली 300 लिटरची टाकी पहाटे कितीवर असते ते पाहिले आहे का? थर्मोस्टॅटचा हीटर लावा आणि पहाटेचे तापमान नोंदवा.

सूक्ष्मदर्शकाखाली ओळख सोपी आहे. नॉप्लियस नासपतीच्या आकाराची, तीन जोड्या उपांगांची असते. झटके देत पोहते आणि उजेडाकडे धावते. झोइया-1 ला कवच येते, पण डोळे कवचाखाली दबलेले असतात. झोइया-2 ला डोळे दांड्यावर बाहेर येतात आणि पुढे टोकदार काटा दिसतो. झोइया-3 ला शेपटीची पाती फुटतात. सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस पिल्ले पाहा. निम्मी झोइया-1 आणि निम्मी झोइया-3 दिसत असतील तर टाकीत कुपोषण आहे, कारण एकाच दिवसाच्या पिल्लांनी जवळजवळ बरोबर चालायला हवे.

आता खाद्य. शेवटच्या नॉप्लियस अवस्थेतच पाण्यात कीटोसेरॉस किंवा थॅलॅसिओसिरा हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, सोडून ठेवावे, म्हणजे तोंड उघडताच घास समोर असतो. झोइयाला शिकार करता येत नाही. पाणी गाळून जे येईल ते ती खाते, म्हणून पाण्यात घनता टिकवावी लागते. कीटोसेरॉस दर मिलिलिटरला 60 हजार ते 1 लाख पेशी ठेवा. तुमच्या टाकीला 80 हजार हवे असतील तर एकूण 2,400 कोटी पेशी लागतील. मोजणीत तुमच्या शैवालात मिलिलिटरला 10 लाख पेशी आल्या तर 24 लिटर शैवाल ओतावे लागेल. मोजणी हिमोसायटोमीटरनेच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या काचपट्टीनेच, करा. पाण्याचा तपकिरी रंग पाहून अंदाज बांधला की चूक होते. शैवाल जोमाने वाढत असताना वापरा. वाढ थांबून तळाला बसू लागलेल्या बाटलीत मेलेल्या पेशी आणि जिवाणू दोन्ही असतात.

पोट भरते आहे की नाही हे पिल्लूच सांगते. खाणाऱ्या झोइयाच्या मागे विष्ठेचा लांब धागा लोंबतो. काचेच्या चंचुपात्रात उजेडासमोर धरले तर भिंगाशिवायही दिसतो. दहापैकी आठ-नऊ पिल्लांना धागा असेल तर ठीक. धागा तुटक, फिकट किंवा नाहीच, तर पेशी पुन्हा मोजा. पेशी पुरेशा असूनही धागा नसेल, तर दोष पाण्याचा किंवा जिवाणूंचा आहे.

पाण्याबाबत गोव्यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. मांडवी-जुवारीच्या मुखाजवळचे पाणी क्षारतेत चांगले दिसले तरी त्यात गाळ असतो आणि खनिजाच्या पट्ट्यातून आलेले लोह-मँगेनीज असते. पाणी मुखापासून दूर, मोकळ्या किनाऱ्यावरून, फेब्रुवारी ते मे दरम्यान भरतीच्या वेळी घ्या आणि अंधारात साठवून गाळ बसू द्या. मग गाळा. 300 लिटरला 10 पीपीएम (लिटरला 10 मिलिग्रॅम) क्लोरीन द्यायचा तर 30 टक्क्यांची ब्लिचिंग पावडर 10 ग्रॅम लागते. आधी बादलीत विरघळवून वरचे पाणीच घाला. दिवसभर जोरात हवा द्या, किटने क्लोरीन शून्य आहे का पाहा. उरला असेल तर सोडियम थायोसल्फेट थोडे-थोडे घालून प्रत्येक वेळी पुन्हा तपासा. शेवटी ईडीटीए 10 पीपीएम, म्हणजे 3 ग्रॅम. धातू त्याला बांधले जातात आणि पिल्लांच्या कोवळ्या कवचाला त्रास देत नाहीत. क्लोरीन राहून गेलेले पाणी शैवाल आधी मारते आणि पिल्ले नंतर. तेव्हा तयार पाण्यात आधी थोडे शैवाल टाकून एक रात्र पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी.

पिल्लांची घनता लिटरला 100 ते 150 पुरे. तुमच्या टाकीत म्हणजे 30 ते 45 हजार. हवा इतकीच द्यावी की शैवाल आणि पिल्ले तरंगत राहतील. बुडबुड्यांचा उसळता झोत झोइयाचे काटे मोडतो. झोइयात पाणी शक्यतो बदलू नये, रोज थोडे वाढवत न्यावे. मायसिसपासून बदलावे, आणि तेही त्याच तापमानाच्या व क्षारतेच्या पाण्याने.

हे सगळे बरोबर असूनही नेमके झोइया-2 लाच पिल्ले खाणे सोडतात, आतडे रिकामे पडते, कात अंगात अडकते. भारतातल्या व्हेनामी हॅचऱ्यांत हा प्रकार झोइया-2 सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. एकाच हॅचरीत दिवसामागून दिवस नॉप्ली भरत राहिले की तो बळावतो. म्हणून भरणी तीन-चार दिवसांत संपवतात, आणि एक फेरी संपली की टाक्या, नळ्या, एअर स्टोन सगळे धुऊन, क्लोरीन मारून, कडक वाळवतात. प्रतिजैविकांची बाटली उघडू नका. बरेचसे जिवाणू मरतात, उरतात ते व्हिब्रिओचे चिवट प्रकार. शिवाय कोळंबीशेतीत अनेक प्रतिजैविकांवर बंदी आहे. अशी टाकी क्लोरीन घालून मारा, मगच पाणी सोडा, आणि कोरड्या टाकीतून पुन्हा सुरुवात करा.

प्रश्न : मायसिसला आर्टेमिया केव्हा आणि किती? अंड्यांची टरफले पिल्लांच्या पोटात जातात. — वरील प्रश्नकर्त्यांचाच पुढचा प्रश्न

आर्टेमिया हा मिठागरांत होणारा चिमुकला कवचधारी जीव; त्याची नुकती निघालेली पिल्ले कोळंबीच्या पिल्लांना खाऊ घालतात. झोइया-3 संपत आली की सुरुवात करा. मायसिस डोके खाली करून लटकते आणि शेपटी आपटून मागे उडते, त्यामुळे पहिल्या दिवशी तिला पळता आर्टेमिया पकडता येत नाही. तेव्हा गोठवून मारलेला द्या. नंतर जिवंत.

1 लिटर समुद्राच्या पाण्याला 1 ते 2 ग्रॅम सिस्ट (आर्टेमियाची सुकी अंडी), 28 अंश, क्षारता 25 ते 35, तळापासून जोरदार हवा आणि सतत उजेड. 18 ते 24 तासांत पिल्ले निघतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबा. टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, पिल्ले खालच्या उजेडाकडे येतात. तळाची पहिली धार टाकून द्या, मधले पाणी बारीक जाळीत घ्या, गोड्या पाण्याने धुवा. दहा मिनिटांहून जास्त थांबलात तर तळाला ती गुदमरतात. निघाल्यानिघाल्या खाऊ घाला, कारण तासागणिक त्यांच्यातला बलक घटतो. 20 हजार मायसिसना रोज प्रत्येकी 30 धरले तर 6 लाख आर्टेमिया लागतील. ग्रॅमला 2 लाख निघत असतील तर 3 ग्रॅम सिस्ट. पीएल झाल्यावर दुप्पट करा.

उरलेला आर्टेमिया गटारात किंवा आगरवाडा-रायबंदरकडच्या मिठागरांच्या बाजूला ओतू नका. डब्यातला आर्टेमिया बहुधा अमेरिकी जातीचा असतो आणि जगातल्या अनेक मिठागरांत त्याने स्थानिक जातींना हटवले आहे. उकळते पाणी ओता, मग फेका.

प्रश्न : पीएल घेताना काय पाहावे? आमच्या तळ्याची क्षारता 12 आहे. — शिरोडा

पीएल-10 च्या, म्हणजे पीएल होऊन दहा दिवस झाल्याच्या, आधीचे बी घेऊ नका. तोवर कल्ल्यांना पुरेशा फांद्या फुटलेल्या नसतात आणि कमी क्षारतेत शरीरातले मीठ सांभाळता येत नाही. हॅचरीवाले दिवस सांगतील, तुम्ही भिंगाने कपाळावरच्या काट्याचे वरचे दात मोजा. किमान चार हवेत. आतडे भरलेले, आणि शेपटीकडच्या शेवटच्या मोठ्या पेरात मांस आतड्याच्या निदान तिप्पट जाड हवे. भांड्यात पाणी गोल फिरवले की चांगले बी प्रवाहाविरुद्ध तोंड करते. दुबळे मध्यावर गोळा होते. शंभरेक पीएल एकदम 5 पीपीटीच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग मूळ पाण्यात अर्धा तास. दहाहून जास्त मेली तर ते बी नको. रोगतपासणीचा पीसीआर अहवाल त्याच टाकीचा आहे ना, हे क्रमांक जुळवून पाहा.

30 ची क्षारता 12 वर आणण्याचे काम शक्यतो हॅचरीतच चार-पाच दिवसांत करून घ्या. तळ्यावर फरक तीन-चारपेक्षा जास्त उरू नये, आणि तोही तासाला एक पीपीटीच्या गतीने उतरवावा. पहाटे सोडा. आणि पावसाचा हिशेब आधी करा. जूनमध्ये नदीची क्षारता झपाट्याने पडते. फेब्रुवारीत सोडलेले बी मेअखेर काढता येते, एप्रिलमध्ये सोडलेले नाही.

प्रश्न : बांध फुटून व्हेनामी मांडवीत गेली तर ती इथे रुजेल का? आमच्या सुंगटांशी तिचा संकर होईल का? — दिवाडी

संकराची भीती जवळजवळ नाही. वर सांगितलेली उघड्या-बंद थेलिकमची रचना आणि मीलनाची वेळ दोन्ही जुळत नाहीत. रुजण्याची शक्यता मात्र झटकून टाकू नये. नदीत तिची पिल्ले होणार नाहीत, पण नदीतून समुद्रात गेलेल्या नर-माद्या पुरेशा संख्येने एकत्र आल्या तर तिथले तापमान आणि क्षारता त्यांना चालण्यासारखी आहे. उलटे उदाहरण समोर आहे: 1988 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात आपली टायगर कोळंबी चुकून सुटली. पुढे बरीच वर्षे ती दिसली नाही, आणि 2006 पासून अमेरिकेच्या अटलांटिक व मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर पुन्हा सापडू लागली. आज ती तिथली परकी जात म्हणून मोजली जाते.

त्याहून जवळचा धोका रोगाचा आहे. पळालेली आजारी कोळंबी आणि आजारी तळ्याचे सोडलेले पाणी, दोन्ही खाजनातल्या सुंगटांना आणि कुर्ल्यांना (खेकड्यांना) पांढऱ्या ठिपक्यांचा रोग देऊ शकतात. म्हणून निचऱ्याच्या तोंडाला दुहेरी जाळी, खेकड्यांचे कुंपण, पक्ष्यांची जाळी आणि पाणी सोडण्याआधी स्वतंत्र शुद्धीकरण तळे हे परवान्याचे कागद नव्हेत, शेजारच्या खाजनाचे रक्षण आहे. रोग आला की मानस उघडायची नाही. क्लोरीन घालून पाणी आठवडाभर तसेच ठेवायचे.

मानशीच्या जाळ्यात संशयास्पद पांढरी कोळंबी आली तर रंगावरून ठरवू नका, आपली पांढरी सुंगटेही तशीच दिसतात. मोठी मादी उताणी करून मागच्या पायांच्या तीन जोड्यांमध्ये पाहा. दोन पाळ्यांचे झाकण असेल तर आपली. झाकण नसून उघडा, उंचसखल भाग असेल तर व्हेनामीची शंका घ्या. एक-दोन नग पाण्यात परत न सोडता स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, बाटलीवर जागा, तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ लिहा, आणि मत्स्योद्योग खात्याकडे किंवा दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे द्या.